जोडचाके आणि नोंद

आमच्या अमडापुराहून चिखलीकडे जाताना मागील चाकाच्या दोहो बाजूंस जादा चाके जोडलेली एखादी स्कूटर दृष्टीस पडते. पायांनी अधू असलेल्या मनुष्यास तिने परावलंबनातून सोडविलेले असते. परंतु त्या फेरफाराची नोंद झाली आहे काय, हे फार थोडे लोक विचारतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम मूळ नोंदीशी विसंगत असा बदल निषिद्ध मानते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच बजाविले. तथापि अपंगाच्या उपयोगार्थ केलेल्या बदलास तेच कलम मुभा देते. नोंदणी अधिकाऱ्याची संमती मात्र मागाहून घ्यावीच लागते.

विलायतेतही स्वतः बांधलेल्या अथवा परदेशातून आणलेल्या कित्येक मोटरसायकली रस्त्यावर येण्यापूर्वी एकेक करून तपासल्या जातात. ब्रेक, दिवे, आरसे, आवाज, सारे पाहिले जाते. कारण रस्ता एकट्या मालकाचा नव्हे.

बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयाची फेरी कंटाळवाणी खरी. पण नोंदच नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या भरपाईस हरकत निघू शकते आणि ज्यास आधार हवा, तोच निराधार होतो. यास्तव चाके जोडावयास काढण्यापूर्वीच घरच्यांनी त्या फेरीचा दिवस ठरवावा, एवढीच विनंती.