राणीच्या बागेतले ताडमाड आणि आपली शिंदी

(मंडळाच्या वर्धापनदिनी लिंबागणेश येथे केलेले भाषण)



मुंबईस भायखळ्याची राणीची बाग आपणांपैकी काहींनी पाहिली असेल. शिवडीच्या जुन्या बागेऐवजी ही वनस्पतींची बाग उभी राहिली आणि १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते सर्वांसाठी खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोक वाघ, पेंग्विन पाहून परततात. देशोदेशीच्या ताडमाडांकडे फारसे कोणी पाहत नाही. २००७ नंतर बागेचे रूप पालटणारी योजना पुढे आली, तेव्हा काही स्त्रियांनीच झाडांच्या नोंदी करून ती राखण्यासाठी लढा दिला. झाडे नावानिशी ठाऊक होती, म्हणूनच त्यांना बोलता आले.

आपल्या ओढ्याकाठची शिंदी त्याच ताडमाडांच्या कुळातली. तिच्या पात्यांची केरसुणी आपण लक्ष्मीपूजनाला पुजतो. पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. वडाची फांदी तोडली तर दुसरी फुटते. शिंदीला फांद्या नाहीत. वाढणारा कोंब शेंड्यात एकच. तो छाटला की झाड मेलेच म्हणून समजा. तेव्हा पाती लागतील तेवढीच काढावीत, शेंड्याला कोयता लावू नये.

ही बिनतिकिटाची बाग आपल्या दारीच आहे. मंडळाने यंदा शिवारातल्या शिंदी मोजून वहीत लिहून ठेवाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.