आधी डिस्चार्ज, मग आकडा

वितरण कंपन्यांतून आलेले अभियंते, उपकरणं बनवणारे उद्योजक आणि नेहमीप्रमाणे मागच्या रांगांत जाऊन बसलेले जॉइंटर मित्रहो,

अध्यक्षाने ऊर्जाक्षेत्राच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. ते काम उद्घाटकांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं आहे. मी रस्त्यातल्या एका खड्ड्याबद्दल बोलणार आहे. केबलचा फॉल्ट कुठे आहे ते ठरवून आपण जो मारतो, त्या खड्ड्याबद्दल.

मे महिन्यात कुणाच्या तरी जेसीबीचा दात केबलला लागतो. केबल तेव्हा जात नाही. वरचं आवरण फाटतं, आर्मर उघडा पडतो, मंडळी माती लोटून निघून जातात. जुलैत पाणी आत मुरतं आणि भर पावसात ११ केव्हीचा फीडर ट्रिप होतो. टेस्टिंगची गाडी पोहोचायच्या आधी फोन पोहोचतो : ‘लाइट कधी येणार?’ मग पहिली काट बसते ती सुरक्षेच्या पायऱ्यांना. आधी फॉल्ट तर सापडू दे, बाकीचं बघू. माझ्या मते इथेच हिशेब चुकतो. ज्या पायरीने माणूस वाचतो, बहुतेक वेळा त्याच पायरीने आकडाही बरोबर येतो.

इन्सुलेशन तपासणारा साधा मेगर घ्या. ५ केव्हीचा, एका हाताने उचलता येणारा, त्यामुळे त्याचा धाक कुणाला वाटत नाही. पण ११ केव्हीची, ३०० चौरस मिलिमीटरची दोन किलोमीटर केबल म्हणजे साधारण एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ५ केव्हीला त्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा साठते; जिवावर बेतायला तेवढी पुरते. गंमत अशी, की फॉल्टी फेज काही धरून ठेवत नाही. धरून बसते ती चांगली फेज, आणि आपलं सगळं लक्ष असतं फॉल्टी फेजकडे. शिवाय डिस्चार्ज रॉड टेकवला, ठिणगी पडली, रॉड काढला, एवढ्याने भागत नाही. इन्सुलेशनमध्ये मुरलेला चार्ज काही वेळाने पुन्हा वर येतो. म्हणून आधी रेझिस्टरमधून, मग थेट अर्थला, आणि हात लावायचा असेल तोवर अर्थ तसाच ठेवायचा. हे नुसतं जिवासाठी नाही. उरलेला चार्ज पुढचं रीडिंगही बिघडवतो, आणि बिघडलेल्या रीडिंगवरून आपण पुढची पद्धत निवडतो.

केबलमध्ये पल्स सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या टीडीआरचंही तसंच. पडदा सांगतो : पल्स १० मायक्रोसेकंदांत परत आला. केबल एक्सएलपीई समजून वेग १६५ मीटर प्रति मायक्रोसेकंद धरला, तर जाऊन-येऊन हिशेबाने फॉल्ट ८२५ मीटरवर. तीच जुनी कागदी केबल असेल आणि वेग १५५ असेल, तर ७७५ वर. पन्नास मीटरांचा फरक, म्हणजे चौकाच्या अलीकडे की पलीकडे. आपल्या जुन्या शहरांत तर एकाच फीडरमध्ये कागदी केबलला एक्सएलपीईचे तुकडे जोडलेले असतात आणि नकाशात त्यातलं निम्मंही नसतं. यावर जुना, भरवशाचा उपाय आहे. आधी चांगली फेज मोजा, दूरचं टोक पडद्यावर बघा, माहीत असलेल्या लांबीशी ताडून वेग ठरवा, मग फॉल्टी फेजकडे वळा. पण त्यासाठी दूरचं टोक खरोखर उघडं असायला हवं आणि तिथे एक माणूस उभा असायला हवा. परमिट घेताना ज्याला आपण पहारा म्हणून उभा करतो, तोच हा माणूस. त्याने सांगितल्यावर टोक अर्थ केलं की पडद्यावरची उसळी उलटी होऊन खाली येते, आणि आपण योग्य केबलवरच आहोत याची खात्री पटते. त्यालाच कात्री लावली, तर पहाराही गेला आणि मोजमापाचा आधारही गेला.

आता केबलला मोठ्या व्होल्टेजचे झटके देणारा थंपर. टीडीआरचा पल्स अगदी कमी व्होल्टेजचा. जास्त रेझिस्टन्सचा फॉल्ट त्याला दिसतच नाही, तो सरळ पुढे निघून जातो. मग थंपरने आर्क पेटवावा लागतो. ३२ केव्हीला २००० ज्यूल हा सर्वसाधारण आकडा. आर्क पेटलेला असतो त्या काही मिलिसेकंदांत टीडीआरने चित्र टिपायचं आणि आधीच्या चित्राशेजारी ठेवायचं. दोन रेषा जिथे फाकतात तिथे फॉल्ट. एक-दोन झटक्यांत काम होतं. पण आपल्याकडे थंपर तासभर ठोकत ठेवायचा आणि कान लावून रस्त्याने फिरायचं, याला अजूनही मर्दुमकी समजतात. प्रत्येक झटका केबलच्या बाकी जॉइंटांवरही आदळतो. या चुकीची परंपरा मोठी आहे. १८५८ साली अटलांटिकखालून पहिली तारायंत्राची केबल टाकली. संदेश नीट जाईनात, तेव्हा कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी तिच्यावर सुमारे २००० व्होल्ट लावले आणि काही आठवड्यांतच केबल मुकी झाली. त्याच केबलवर शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन आपल्या आरसा-गॅल्व्हनोमीटरने अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाचत होते. आपल्या प्रत्येक विभागात आजही एक व्हाइटहाउस असतो. थॉमसन शोधावा लागतो.

थंपर चालू असताना अर्थिंग ढिलं राहिलं, तर यंत्राचा सांगाडाच धोकादायक व्होल्टेजवर जातो, आणि ओल्या रस्त्यावर फॉल्टभोवतीची जमीनही. भोवती अनवाणी पोरं, छत्र्या घेतलेले बघे, शेजारून गेलेली गॅसची पाइपलाइन. दोऱ्या बांधून माणसं लांब ठेवायची ती यासाठी. आणि माणसं लांब गेली की ग्राउंड मायक्रोफोनमध्ये पावलांचा आवाज येत नाही, हा फायदा वेगळा.

मायक्रोफोनवरून आठवलं. रस्ता ओलांडताना केबल ह्यूम पाइपमधून जाते. फॉल्ट पाइपच्या मधोमध असला तर आवाज पाइपच्या दोन्ही तोंडांशी मोठा येतो आणि नेमक्या जागी जवळजवळ नसतो. नुसत्या कानावर विसंबणारा हमखास चुकीच्या जागी खणतो. थंपरच्या झटक्याचा चुंबकीय पल्स जवळपास लगेच पोहोचतो, आवाज रेंगाळत येतो. दोन्हींमधलं अंतर पडद्यावर मिलिसेकंदांत दिसतं, ते जिथे सर्वांत कमी तिथे खूण करायची. पाइपमध्ये तेही फसवू शकतं. अशा वेळी टीडीआरचा आकडा आणि रस्त्यावर टेपने मोजलेलं अंतर, हेच कामाला येतात.

आणि खड्डा उघडल्यावर आत तीन केबल असतात, तिन्ही सारख्याच काळ्या. इथे कुणी ‘बहुतेक हीच’ म्हणाला तर त्याच्या हातातली करवत काढून घ्या. पल्स सोडून क्लॅम्पने दिशा बघा : आपल्या केबलमध्ये काटा एका बाजूला जातो, शेजारच्यांत उलट. त्यानंतरही लांबून, दोरीने किंवा रिमोटने खिळा घुसवून स्पाइक केल्याशिवाय केबल कापायची नाही.

वितरण कंपन्यांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. कंत्राटात फॉल्टमागे ठोक दर देणं बंद व्हावं. त्या दरात दूरच्या टोकाचा माणूस कधीच बसत नाही आणि कंत्राटदार तोच पहिला कापतो. दुसरी अशी, की प्रत्येक विभागाने एक वही ठेवावी. यंत्राने सांगितलेलं अंतर, खणल्यावर निघालेलं अंतर आणि फरकाचं कारण. तीन पावसाळे ती नीट भरली तर त्या शहरात कुठे कुठली केबल आहे, हे नकाशापेक्षा वहीतून जास्त कळेल.

दुपारी मागच्या मैदानात ह्यूम पाइपमधली एक केबल पुरून ठेवली आहे, तिच्यात मुद्दाम केलेला फॉल्ट आहे. उपकरणं बनवणाऱ्या मंडळींनी आपापली यंत्रं लावून तो शोधायचा आहे. परीक्षक मागच्या रांगांतले जॉइंटर असतील, आणि ज्याने डिस्चार्ज रॉड आणला नसेल त्याला केबलजवळ सोडलं जाणार नाही.