जुना पायोरिया आणि अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल



मलकापूर असो की मेहकर, बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास ऐकू येते : "दाढ ठणकते, दोन हायपॉवर कॅप्सूल द्या." दुकानदार कात्रीनं पाकिटातून अमॉक्सिसिलिनच्या दोन कॅप्सूल कापतो, सोबत दुखण्याची एक गोळी देतो. त्या पाकिटाच्या कडेला एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, असं ती सांगते. २०१६ पासून केंद्र सरकार या रेघेबद्दल लोकांना सावध करतं आहे. पण दोनच कॅप्सूल कापून घेतल्या, की लाल रेघ, औषधाचं नाव, मुदतीची तारीख, बरंचसं दुकानातच राहून जातं. आपण काय गिळलं, हे घेणाऱ्याला ठाऊकच नसतं.

दोन दिवसांत ठणका थांबतो, सूज उतरते. माणूस कामाला लागतो. "सोयाबीन निघालं की दाखवतो," म्हणतो. सोयाबीन निघतं, हरभरा पेरला जातो आणि हिरडी पुन्हा फुगते. मग पुन्हा दोन कॅप्सूल. असं वर्षानुवर्षं करत आलेली माणसं आम्हा दंतवैद्यांकडे येतात, तेव्हा समोरचे दात बोटानं हलत असतात.

हा पायोरिया होतो कशामुळे? दातावर जंतूंचा एक चिकट थर रोज बसतो. तो रोज निघाला नाही, तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचं कीटण होतं, ब्रशनं न निघणारं. ते हिरडीच्या आत उतरतं, दात आणि हिरडी यांच्यात फट पडते आणि त्या फटीच्या तळाशी जबड्याचं हाड झिजत जातं. बहुतेक काळ यात दुखत काहीच नाही. ब्रशला रक्त लागतं, सकाळी तोंडाला वास येतो, एवढंच. ठणका लागतो तो मधूनच, पू साचला की.

आता कॅप्सूल या थराचं काय करते? १६८३ च्या सुमारास हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्यानं स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून घरी बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात हालचाल करणारे जीव दिसले. मग त्यानं व्हिनेगर वापरून पाहिलं. खरवडलेल्या थरात ते मिसळलं तर जीव मरत होते, पण नुसते दात व्हिनेगरनं धुतले तर आतले जिवंतच राहत. व्हिनेगर थराच्या वरवरच पोचतं, असा निष्कर्ष त्यानं लिहून ठेवला. अँटिबायोटिकचा शोध लागायच्या कितीतरी आधी पायोरियाच्या औषधाची मर्यादा या माणसानं ओळखली होती, याचं मला फार नवल वाटतं. थरातले जंतू एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण करून राहतात. मोकळ्या जंतूंना मारणारी औषधाची मात्रा तिथे पुरी पडत नाही. म्हणून आधी थर मोडावा लागतो. मशीननं आणि हाताच्या अवजारांनी कीटण काढणं, दाताची मुळं साफ करणं, हाच पायोरियाचा मूळ उपचार आहे.

इथे एक भीती आडवी येते. "सफाई केली की दात ढिले होतात." हे मी जवळजवळ रोज ऐकतो. कीटण निघतं तेव्हा कापसावर काळपट-हिरवट टणक कपच्या पडतात. मी त्या रुग्णाला मुद्दाम दाखवतो. त्या कपच्यांनी हलणारे दात एकमेकांना जोडून धरलेले असतात आणि सुजलेल्या हिरडीनं फटी झाकलेल्या असतात. सफाईनंतर सूज उतरते, फटी उघड्या पडतात, थंड पाणी झिणझिणतं. दात ढिले झाले होते ते हाड झिजल्यामुळे. सफाईनं ते नुसतं कळलं. पुढच्या काही आठवड्यांत हिरडी आवळते आणि हाड पुरेसं शिल्लक असेल तर दात बऱ्यापैकी घट्ट होतात.

अँटिबायोटिक कधीच नको, असं मात्र नाही. गालावर, जबड्याखाली सूज पसरते आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, अशा वेळी डॉक्टरकडे जायला एक दिवसही थांबू नये. तरुण वयातच हाड झपाट्यानं झिजत असेल, तर सफाईच्या जोडीला अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल देतात, त्याचा फायदा दिसलेला आहे. पण प्रत्येक पायोरियाला सरसकट ही औषधं देऊ नयेत, असं युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं. आमच्या व्यवसायातही सफाईनंतर सवयीनं पाच दिवसांचा कोर्स लिहिला जातो. ते थांबलं पाहिजे.

कारण जंतू शिकतात. आपल्या कापूसकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ज्या बीटी कपाशीला अळी लागणार नाही म्हणत होतो, तिच्यावर २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं, ते आपण पाहिलं आहे. अमेरिकेत पायोरियाच्या ४०० रुग्णांच्या हिरडीतले जंतू तपासले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांमध्ये नेहमीच्या चार औषधांपैकी निदान एकाला न जुमानणारे जंतू सापडले. शिवाय दाढेसाठी गिळलेली कॅप्सूल आतड्यातल्या जंतूंपर्यंतही पोचते आणि तिथेही औषध पचवणारेच मागे उरतात. उद्या बाळंतिणीला ताप आला, नवजात बाळाच्या रक्तात संसर्ग झाला, तर हीच औषधं हाताशी लागतात. २०१९ या एका वर्षात अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा 'लॅन्सेट'मधला अंदाज आहे.

सोबतच्या दुखण्याच्या गोळीबद्दलही बोललं पाहिजे. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात किडनीचा त्रास घरोघरी माहीत आहे. तिथे अशा गोळ्या मनानं घेणं धोक्याचंच. आणि मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्या दाखवायलाच हव्यात. पायोरियावर नीट उपचार झाले, की तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, सरासरी ०.४ नं खाली येतो. मिश्री आणि गुटखा सुटल्याशिवाय मात्र कुठलीच सफाई टिकत नाही.

मेडिकल दुकान चालवणाऱ्या बंधू-भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे : चिठ्ठी नसेल तर लाल रेघेच्या पाकिटाला कात्री लावू नका, त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवा. आणि श्रोतेहो, ब्रशला रक्त लागत असेल तर ठणक्याची वाट पाहू नका. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात दंतविभाग आहे, जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही चौकशी करा. दातांची सफाई करून घ्या. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलंच, तर सांगितलं तितकेच दिवस घ्या आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.