पाण्याची वाटणी



अध्यक्षानं आधी दहा मिनिटं आभार मानायचे, अशी आपल्याकडे चाल आहे. मी ते एका वाक्यात उरकतो: बोलावलंत, आभारी आहे. वाचलेल्या वेळात सकाळी मी या सभागृहाचा थर्मोस्टॅट शोधून काढला. मागच्या दाराशी, प्लॅस्टिकच्या पेटीत. पेटीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन चहाला गेलेला. परिणाम तुमच्यासमोरच आहे. पुढच्या तीन रांगांतल्या ताईंनी शाली गुंडाळल्यात आणि बाल्कनीतली मंडळी कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेताहेत. यंत्र चांगलं आहे, बिलही चांगलंच येत असणार. वाटणी मात्र झालेली नाही, आणि आज मला त्या वाटणीबद्दलच बोलायचं आहे.

उज्जैनात हा विषय काढायला कारण आहे. गावाच्या उत्तरेला क्षिप्रेच्या पात्रात कालियादह महाल आहे. 1617 साली जहांगीर तिथे आला होता. माळव्याच्या नासिरुद्दीन खिलजीच्या अंगात उष्णता फार, म्हणून तो पाण्यातच बसून असे, असं जहांगीरानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. नासिरुद्दीन वेडा की शहाणा याचा निकाल जहांगीरानं आपल्या परीनं लावलाच आहे, त्यात मी पडत नाही. माझ्या कामाची गोष्ट पुढची आहे. नदीचं पाणी पाटांनी वाटून वाड्याच्या आतबाहेर फिरवलं होतं, आणि जागा पाहून लहानमोठी कुंडं बांधली होती. म्हणजे एका ठिकाणी पाणी घ्यायचं, तिथून त्याच्या वाटा करायच्या आणि ज्या दालनाला जेवढा गारवा हवा तेवढं पाणी तिकडे सोडायचं. फरशीखाली गरम किंवा थंड पाणी फिरवायच्या आपल्या धंद्यात ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात तो पितळेचा किंवा स्टीलचा असतो, तिथला दगडाचा होता. मोडकळीला आलेल्या त्या महालाची 1920 साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्ती केली, म्हणून आज आपण तो पाहू शकतो.

आपल्यातले निम्मे तरी शेतकऱ्यांची मुलं आहेत. त्यांना मॅनिफोल्ड शिकवायला नको. रात्री वीज आली की दारं धरायला गेलेल्या माणसाला सगळं ठाऊक असतं. पाटातून दांड, दांडातून वाफा. हा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात. आणि नुसतं सोडून दिलं तर पाटाजवळचे वाफे तुडुंब भरतात, टोकाचा वाफा कोरडाच राहतो, हेही त्याला ठाऊक असतं. फरशीखालच्या नळ्यांचं अगदी तेच. बाथरूमचं वेटोळं चाळीस मीटरचं, दिवाणखान्याचं शंभराच्या वर. दोन्ही एकाच मॅनिफोल्डला जोडून तुम्ही निघून आलात, तर पाणी सोपी वाट धरणार. बाथरूममध्ये पाय पोळतील आणि दिवाणखान्यात आजोबा कानटोपी घालून बसतील. म्हणून प्रत्येक फाट्यावर मिनिटाला किती लिटर जातंय ते दाखवणारी काचेची नळी असते, आणि खाली फिरवायची चकती. ती चकती फिरवायला अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही, म्हणून ती कोणी फिरवत नाही. आपल्या धंद्यातल्या निम्म्या तक्रारी इथेच जन्म घेतात, असं माझं मत आहे.

आता स्वतःची फजिती सांगतो. हिमालयातलं एक हॉटेल. नाव सांगणार नाही, कारण चूक आमच्या टोळीची होती. प्रत्येक खोलीला वेगळा थर्मोस्टॅट, तळमजल्यावरच्या कपाटात मॅनिफोल्ड, प्रत्येक फाट्यावर झडप उघडणारा ॲक्च्युएटर. काम देखणं झालं होतं. पहिल्याच थंडीत फोन आला, की तीन नंबरच्या आजींना हुडहुडी भरलीय आणि चार नंबरचा पाहुणा खिडकी उघडून झोपतोय. आजी थर्मोस्टॅट वाढवताहेत, शेजारी कमी करतोय, आणि जितकं ते करावं तितकं दोघांचंही बिघडतंय. मी दोन दिवस पंप तपासला, पाण्याचं तापमान तपासलं, नळ्यांतली हवा काढली. तिसऱ्या दिवशी वायरिंग करणाऱ्या पोरानं खाली मान घालून सांगितलं की तीन आणि चारच्या वायरी उलटसुलट लागल्यात. आजींना थंडी वाजली की त्या शेजाऱ्याची खोली तापवत होत्या; शेजाऱ्याला उकडलं की तो आजींचं पाणी तोडत होता. दोघंही बिचारे शहाण्यासारखंच वागत होते! कपाटात पेन्सिलनं दोन आकडे लिहिले असते, तर दोन दिवस वाचले असते.

खोलीतल्या विजेच्या थर्मोस्टॅटचा जन्मही अशाच वैतागातून झाला. अमेरिकेत वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. शिपायानं वर्गावर्गात शिरून थर्मामीटर बघायचा, मग तळघरात जाऊन भट्टीचं झाकण हलवायचं, आणि तेवढा वेळ शिकवणं बंद. 1883 साली त्यांनी खोलीतूनच तळघराला इशारा देणाऱ्या विजेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांचा हेतू लक्षात घ्या: निर्णय खोलीत व्हावा. आणि आपण काय केलं? पेटीला कुलूप लावलं.

तुम्ही म्हणाल, माळव्यात हीटिंग कशाला? खरंय. जानेवारीतल्या दोन-चार रात्री शेगडीवर निभतात. ज्यांची मुलं जर्मनीत किंवा कॅनडात आहेत, त्यांना तिथल्या गरम फरशीचं कौतुक ऐकून ठाऊक असेल, तेवढं पुरे. पण त्याच नळ्यांतून थंड पाणीही फिरतं, आणि आपला प्रश्न तो आहे. तेवढ्याच जागेतलं पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. जाड डक्टमधून वारा ढकलण्यापेक्षा बोटभर नळीतून पाणी फिरवणं स्वस्त पडणारच. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसनं 2011 मध्ये एका इमारतीचे दोन सारखे भाग करून हे ताडून पाहिलं. एका भागात उत्तम प्रतीचं नेहमीचं एसी, दुसऱ्यात स्लॅबमधून थंड पाणी. पाण्याच्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली.

मात्र मुंबईकरांनी लगेच उड्या मारू नयेत. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के दमटपणा असला, की सव्वीस अंशांच्या पृष्ठभागावरही दव धरतं. तिथे अठरा अंशांचं पाणी फिरवलंत तर छतातून पाऊस पडेल. आधी हवा कोरडी करा, मग पाणी सोडा. उज्जैनच्या मे महिन्यात चाळीस अंशांना वीस टक्के दमटपणा धरला, तर दव तेरा अंशांच्या आसपास धरतं. म्हणजे अठराचं पाणी बिनधोक. माळव्याची कोरडी हवा हे आपलं भांडवल आहे आणि आपण ते खिडकीच्या एसीवर उधळतोय. पावसाळ्यात अर्थात इथेही जपूनच.

आणखी एक. स्लॅब तापायला किंवा गार व्हायला तास लागतात. थर्मोस्टॅट सोळावर नेला म्हणून खोली लवकर गार होत नाही, हे गिऱ्हाइकाला चावी देतानाच, शक्यतो घरातल्या बाईमाणसांसमोर सांगा. दिवसभर त्या घरात कोण असतं, हे आपण विसरतो.

सूचना देण्याचा अध्यक्षाला हक्क असतो, तो वापरतो. अंदाजपत्रकात पाणी समतोल करण्याच्या अर्ध्या दिवसाची ओळ वेगळी लिहा आणि ती कापू देऊ नका. मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर खोलीचं नाव लिहा, घरात जे म्हणतात तेच: देवघर, माजघर, आजींची खोली. ‘झोन टू’ लिहू नका.

उद्या सकाळी सहाला कालियादहला गाडी जाणार आहे. नदीचं पाणी जिथे पहिल्यांदा वाटलं जातं ती जागा मला मोजायची आहे. ज्यांच्याकडे टेप असेल त्यांनी घेऊन यावा.