दिवाळीची पहाट आणि विद्यापीठातील संगीत
(भाषणाचा मजकूर)

आश्विनातील कोजागरी पौर्णिमा झाली की मराठवाड्यातील गावोगावच्या देवळांत काकड आरतीस प्रारंभ होतो आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तो नेम चालतो. भल्या पहाटे पखवाज घुमतो, टाळ वाजू लागतात, भूपाळ्या आणि अभंग म्हटले जातात. या मंडळींनी रागशास्त्राचा अभ्यास केलेला नसतो. परंतु कोणत्या वेळी कोणती चाल म्हणावी याविषयी त्यांच्या मनात संदेह नसतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ‘दिवाळी पहाट’ या नावाने जे कार्यक्रम होतात, त्यांची गणना अलीकडच्या शहरी हौसेत केली जाते. मुंबई परिसरात 1980च्या दशकात चतुरंग प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी या कार्यक्रमांना आजचे रूप दिले, हे खरे. पण अभ्यंगस्नान आटोपून, अंगाला उटण्याचा वास असतानाच गाणे ऐकावयास बसण्याची ही कल्पना काकड्याच्या या मुलखाला परकी वाटण्याचे कारण नाही.

विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. ज्या दिवसांत लोकांना ऐकण्यास सवड असते, नेमक्या त्याच दिवसांत संगीत शिकविणारी बहुतेक विद्यालये व विद्यापीठीय विभाग बंद असतात. दिवाळीची सुटी लागते, वसतिगृह रिकामे होते, तानपुरे गवसणीत जातात आणि कपाटाची किल्ली कार्यालयात जमा होते. वर्षभर रियाज केलेला विद्यार्थी गावी परततो. तेथे शिक्षक, ग्रामसेवक, नोकरीनिमित्त बाहेर राहणारे तरुण, सारे घरी आलेले असतात. गाणारा आहे, ऐकणारा आहे. दोघांची गाठ मात्र पडत नाही.

या प्रश्नाला शास्त्रीय अंगही आहे आणि त्याचा संबंध याच भूमीशी पोहोचतो. शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवर असलेल्या देवगिरीच्या यादव दरबारात, राजा सिंघण याच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याचे आजोबा भास्कर हे काश्मीरहून दक्षिणेत आले. वडील सोढल हे राज्याच्या लेखाविभागाचे प्रमुख होते, आणि शार्ङ्गदेवही त्याच कामात होता. आजच्या भाषेत तो शासकीय अधिकारीच म्हणावा लागेल. कचेरीचे काम सांभाळून सात अध्यायांचा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या या पुरुषाकडे लेखाविभागातील मंडळींनी कौतुकाने पाहावे. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य व नृत्य यांचे विवेचन करताना त्याने अनेक रागांचा ऋतू आणि दिवसाचा प्रहरही नोंदविला आहे. त्याचे राग आज त्या रूपात गायिले जात नाहीत. परंतु राग आणि वेळ यांचा संबंध हिंदुस्थानी पद्धतीत टिकून राहिला. ललित, भटियार, भैरव, रामकली हे पहाटेचे व प्रातःकाळचे. तोडी, जौनपुरी सकाळ वर आल्यानंतरचे. यमन, भूप रात्रीच्या आरंभीचे. मालकंस, दरबारी मध्यरात्रीकडचे. गंमत अशी की, भूपाळी म्हणावयाची ती पहाटे, आणि भूपाली नावाचा राग मात्र रात्रीच्या पहिल्या प्रहराचा.

आता विद्यार्थ्याचे वेळापत्रक पाहावे. वर्ग भरतो तो कचेरीच्या वेळेत. त्या वेळेचा खरा लाभ होतो सारंगाच्या प्रकारांना. भैरव शिकावा लागतो दुपारी दोन वाजता आणि मालकंस चार वाजता. मैफली होतात त्या सायंकाळी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणासुदीच्या मोजक्या दिवशी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. नियम योग्यच आहे. रुग्णांना, वृद्धांना आणि अभ्यास करणाऱ्या मुलांना त्याचा आधार आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, रात्रभर चालून भैरवीने उजाडणारी उघड्या मांडवातील मैफल संपली. पुण्यात 1953 पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपली रात्रभराची रीत सोडावी लागली. रात्रीच्या मैफलीच्या शेवटी आपोआप ऐकावयास मिळणारे पहाटेचे राग अशा रीतीने श्रोत्यांच्या कानाआड होत गेले. ते परत मिळण्याचे एक मोठे स्थान म्हणजे दिवाळीची पहाट. या सुमारास मराठवाड्यात सूर्योदय साधारणतः साडेसहाच्या आसपास होतो. ध्वनिवर्धकाची मनाई सहाला संपते. मधला अर्धा तास हा खरोखर संधिप्रकाशाचा असतो, आणि तो ललित-भैरवाचा आहे.

अशा वेळी गाणे ही परीक्षाच असते. पहाटे आवाज जड असतो; खर्ज लागतो, वरचे स्वर सहज लागत नाहीत. थंडीने तानपुऱ्याच्या तारा आकसून चढतात, तर दवाने तबल्याचे चामडे सैल पडून उतरते. वर्गात सुरात लावलेली वाद्ये मांडवात दहा मिनिटांत परस्परांशी भांडू लागतात. जवारीचा दोरा सरकविणे, हातोडीने गट्ठे व गजरा ठोकून तबला पुन्हा सुरात आणणे, आणि हे सर्व श्रोत्यांसमोर न गडबडता करणे, याचे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमपत्रिकेत मिळत नाही. शंभर श्रोत्यांपुढे एकदा बसलेला विद्यार्थी वर्गात परत येतो तेव्हा त्याचे प्रश्न बदललेले असतात, हे शिक्षकांना सांगावयास नको.

अन्य देशांत सणाच्या दिवसांकडे संगीतशिक्षणाचा भाग म्हणूनच पाहिले जाते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सेंट ओलाफ महाविद्यालयात 1912 पासून नाताळचा संगीतोत्सव होतो व त्यात विद्यार्थीच गातात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात 1918 पासून दरवर्षी 24 डिसेंबरला प्रार्थनागीतांचा कार्यक्रम होतो. 1928 पासून तो नभोवाणीवरून जगभर पोहोचला. त्या सुमारास विद्यापीठाचे सत्र संपलेले असते. तरीही गायकवृंदातील विद्यार्थी मागे राहतात आणि त्यांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था होते. त्यांचे संगीत निराळे, धर्मविधीही निराळा. घेण्यासारखे आहे ते एवढेच, की सुटीत विद्यार्थ्याला थांबवावयाचे तर आधी त्याच्या निवासाची सोय करावी लागते.

मराठवाड्याला या बाबतीत उशिरा सुरुवात करावी लागली. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते 1901 साली. मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला 1948 मध्ये, आणि येथे विद्यापीठ आले 1958 मध्ये. 1994 पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. मधल्या काळात गाणे टिकले ते कीर्तनकार, भजनी मंडळे आणि घरी शिष्य सांभाळणारे मोजके गुरू यांच्यामुळे. नांदेडकडून आलेले पं. नाथराव नेरळकर यांनी या शहरात सरस्वती भुवन महाविद्यालयातून आणि स्वतःच्या घरातून शिष्यांच्या पिढ्या घडविल्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना लाभला. 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. वर्ग आणि मैफल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्या पिढीने कधी मानले नाही.

आज शहरात अनुकूलता पुष्कळ आहे. विद्यापीठाच्या वाटेवरील सोनेरी महालाच्या प्रांगणात वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो. एमजीएम विद्यापीठाच्या परिसरातील महागामी गुरुकुलात जानेवारीत शार्ङ्गदेवाच्याच नावाने समारोह भरतो; तेथे प्रयोगाबरोबर चर्चाही होते. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात शास्त्रीय गायनाच्या शेजारी भारूड, पोवाडा व गोंधळ यांना मानाचे स्थान असते. उणीव आहे ती या साऱ्याला गावाशी जोडणाऱ्या दुव्याची. मोठ्या महोत्सवात विद्यार्थी बहुधा श्रोता असतो. युवक महोत्सवात तो स्पर्धक असतो, आणि स्पर्धेत काही मिनिटांतच सर्व काही दाखवावे लागते. तासभर एकच राग मांडण्याची संधी त्याला कोण देणार?

ती संधी ग्रामपंचायत आणि शाळा देऊ शकतात, आणि त्यास फार मोठा खर्चही नाही. एक गायक, एक तबलजी, एक संवादिनीवादक आणि तानपुऱ्यावर एक विद्यार्थी, एवढा संच एका जीपमध्ये मावतो. शाळेची इमारत सुटीत रिकामीच असते; तिच्या सभागृहात वा मोठ्या वर्गात ध्वनिवर्धकावाचून दीडशे माणसे गाणे ऐकू शकतात, आणि ध्वनिवर्धक नसला तर सहा वाजण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. मानधन थोडे असले तरी ते द्यावे. फुकट गाण्याची सवय विद्यार्थ्याला लावू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणान्वये सहशैक्षणिक उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. अशा मैफलींची नोंद त्यांत कशी व्हावी हे अभ्यासमंडळांनी ठरवावे, आणि संगीताच्या विद्यार्थ्यांपुरते वसतिगृह सुटीतील चार दिवस उघडे ठेवावे. कपाटाच्या किल्लीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. ती एखाद्या जबाबदार शिक्षकाच्या स्वाधीन करता येईल.

गाव निवडताना मात्र काकड आरतीचे मंडळ जेथे चालू आहे तेथे प्रथम जावे. तेथे पखवाजाला हात लावणारा कोणीतरी असतो, आणि पहाटे पाच वाजता उठून बसणारे श्रोते आधीच जमलेले असतात. काकडा संपला की त्याच सतरंजीवर तानपुरा लावावा. दुसऱ्या वर्षी त्या मंडळातील एखाद्या मुलाला विभागाची प्रवेशपत्रिका हवी असेल; ती सोबत नेलेली बरी.