नाव आठवण्याआधीचा मी



झोपेतून जाग येते, तो क्षण नीट बघा. आज वार कोणता, दूध आलं का, हे सुचण्याआधी नुसतं आपलं असणं कळतं. त्या वेळी आपण बाई की पुरुष, कुठल्या गावचे, कोणाचे कोण, यातलं काही नसतं. मग नाव येतं, त्याच्या मागून नाती, कालचं भांडण, बँकेचा हप्ता. या सगळ्याची मोट बांधून आपण तिला 'मी' म्हणतो.

मुंबईत खेतवाडीतल्या एका पोटमाळ्यावर अद्वैत शिकवणारे निसर्गदत्त महाराज याच पहिल्या जाणिवेबद्दल बोलत. मूळचे मारुती कांबळी, जन्म १८९७चा, विड्यांचं दुकान चालवणारे संसारी गृहस्थ. इंचगिरी परंपरेतले त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज. 'मी आहे' एवढ्यालाच धरून राहा, ही गुरूंची आज्ञा त्यांनी जिवापाड पाळली. गुरूंच्या निधनानंतर ते घर सोडून निघाले, पण परत आले आणि पुन्हा दुकानात बसले. अद्वैतासाठी संसार टाकावा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता खरी अवघड गोष्ट. जाणीव निवळली की आपण पोचलो, असं साधकाला वाटतं. महाराज तिथे थांबू देत नसत. ही जाणीवसुद्धा अन्नावर पोसलेल्या देहाच्या आधाराने येते, गाढ झोपेत मावळते. तिचं येणं-जाणं ज्याला कळतं, तो तू, असं ते सांगत. तो वस्तूसारखा सापडणार नाही, कारण शोधणाराच तो आहे. मला अद्वैतातली ही पायरी सर्वांत प्रामाणिक वाटते. इथे मिरवायला अनुभवसुद्धा हाती राहत नाही.

पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांनी महाराजांची ही मराठी संभाषणं इंग्रजीत नेली. १९७३ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि परदेशी जिज्ञासू खेतवाडीचा पत्ता विचारत येऊ लागले. १९८१ मध्ये महाराज गेले, घशाच्या कर्करोगाने. शेवटच्या काळात बोलणं कष्टाचं झालं होतं, तरी आलेल्या माणसाला उत्तर मिळे. वेदना आहेत, हे ते नाकारत नसत. त्या देहाच्या आणि जाणिवेच्या आहेत, असं म्हणत आणि पुढचा प्रश्न ऐकून घेत.