संमोहनोपचारक निवडताना



शरीर दुखले की माणूस डॉक्टरांकडे जातो. मन दुखले की मात्र तो आधी लपवतो, मग नवस बोलतो आणि अखेरीस कोणी सांगेल त्या दारी जातो. जतसारख्या तालुक्याच्या गावी ही अडचण अधिक जाणवते. मोठ्या वैद्यकीय सोयीसाठी सांगली-मिरज, नाहीतर सोलापूर किंवा विजयपूर गाठावे लागते. दिवस मोडतो, दुकान बंद राहते, शेतीची कामे खोळंबतात. शिवाय ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती असतेच. अशा वेळी ‘औषधाशिवाय, दोन बैठकांत, संमोहनाने खात्रीशीर बरे करू’ अशी जाहिरात दिसली, तर मन तिकडे ओढले जाणे स्वाभाविक आहे. म्हणूनच या विद्येचे स्वरूप आणि ती वापरणाऱ्याची पात्रता या दोन्हींचा विचार आवश्यक ठरतो.

संमोहन म्हणजे जादू नव्हे, आणि झोपही नव्हे. लक्ष एका विषयावर स्थिर होते, शरीर शिथिल होते आणि त्या अवस्थेत दिलेली सूचना मन अधिक सहजतेने स्वीकारते. सर्वांवर तिचा परिणाम सारखा होत नाही. अठराव्या शतकात मेस्मर नावाच्या वैद्याने शरीरातील चुंबकीय प्रवाहाने रोग बरे होतात असा दावा केला. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने तो तपासला. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे त्या समितीत होते. असा कोणताही प्रवाह नसून दिसणारा परिणाम कल्पनाशक्तीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भारताचाही या इतिहासात वाटा आहे. १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे डॉ. जेम्स एस्डेल यांनी मेस्मरच्या रीतीने रुग्णांची वेदना शमवून शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला. पुढे १८४६ साली ईथर आणि १८४७ साली क्लोरोफॉर्म वापरात आले, आणि ती रीत मागे पडली. यातील एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एस्डेल हे आधी शल्यचिकित्सक होते. संमोहन ही त्यांच्या विद्येला मिळालेली जोड होती. योग्य संमोहनोपचारक ओळखण्याची कसोटी हीच आहे. जो आजार संमोहनाशिवाय हाताळण्याची पात्रता ज्याच्याकडे नाही, त्याने तो संमोहनानेही हाताळू नये.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये संमोहनोपचाराला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली. मात्र योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच ती वापरावी, अशी अट घातली. केवळ संमोहनोपचारकांची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद देशात नाही. त्यामुळे भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र चार दिवसांच्या शिबिराचेही असू शकते. मानसोपचारतज्ज्ञ असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची, आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारावी. नोंदणी क्रमांक विचारणे हा अपमान नव्हे. सराफाकडे सोन्याचा कस विचारतो, तितकाच हा सरळ व्यवहार आहे.

योग्य उपचारक पहिल्याच भेटीत डोळे मिटायला सांगत नाही. तो आधी आजाराचा इतिहास विचारतो, चालू गोळ्यांची चौकशी करतो आणि गरज वाटल्यास अन्य डॉक्टरांकडे पाठवतो. बैठका साधारण किती व शुल्क किती, हे तो आधीच सांगतो. स्त्री किंवा बालरुग्णासोबत घरचे माणूस थांबण्यास त्याची हरकत नसते. कोणी शंभर टक्के खात्री देत असेल, गोळ्या परस्पर बंद करायला सांगत असेल किंवा सारी रक्कम आगाऊ मागत असेल, तर तेथून उठावे. वेदना, शस्त्रक्रियेची भीती, आतड्यांचा चिवट विकार अशा ठिकाणी संमोहनाचा पूरक उपयोग होऊ शकतो. परंतु भास होणे, कानात आवाज येणे, सतत संशय घेणे अशा आजारांत अयोग्य हातून झालेले संमोहन प्रकृती बिघडवू शकते. आत्महत्येचे विचार येत असतील, तर एक दिवसही न दवडता मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

संमोहनाचे सारे बळ शब्दांत असते. जत तालुक्यात अनेक घरांत चुलीपाशी कन्नड आणि बाजारात मराठी बोलली जाते. आजीचे मन कन्नडमध्ये विचार करीत असेल, तर तिला कन्नड जाणणाराच उपचारक हवा.

जैन कुटुंबांनी एका बाबतीत अधिक सावध असावे. पुनर्जन्म आणि जातिस्मरण यांवर समाजाची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा आधार घेऊन ‘मागचा जन्म दाखवतो’ असे सांगणारे उपचारक आढळतात. १९५२ मध्ये अमेरिकेत एका गृहिणीने संमोहनावस्थेत आपण पूर्वजन्मी आयर्लंडमधील ब्रायडी मर्फी होतो, असे सांगितले. त्यावरील पुस्तक अफाट खपले. परंतु शोध घेणाऱ्यांना आयर्लंडच्या नोंदींत तशी स्त्री सापडली नाही. संमोहनात ऐकलेले, वाचलेले आणि कल्पिलेले आठवणीचे रूप घेऊन उभे राहू शकते. शास्त्रांत वर्णिलेले जातिस्मरण ज्ञान शुल्क भरून, खुर्चीत बसून मिळत नाही. अशा ‘आठवणीं’वरून घरातील माणसावर दोष ठेवला गेला, तर आजार राहतो बाजूला आणि संसार मोडतो.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी ज्यासाठी अनेक वर्षे लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. मागील जन्मीचे पती-पत्नीचे नाते सांगून लैंगिक शोषण करणे हा त्या कायद्यानुसार गुन्हा आहे. असे घडल्यास लाजेने गप्प न बसता पोलिसांकडे जावे.

कोठे जावे हेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या निःशुल्क सेवेत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत बोलता येते. मुलीसाठी स्थळ पाहताना चार ठिकाणी चौकशी करणारा समाज, तिचे मन कोणाच्या हाती सोपवायचे हे ठरवतानाही तेवढीच चौकशी करो, एवढीच अपेक्षा.